शनिवारी हॉल मिळेल का?

बी-३०४ काका: नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी संध्याकाळी खालचा हॉल हवा होता. आमची शाळेची बॅच जमतेय, १९७९ ची हायर सेकंडरी. वीस-बावीस म्हातारे असतील. डीजे नाही, दारू नाही. पोहे-जिलबी आणि गप्पा.

सेक्रेटरी: हॉल मोकळा आहे काका. डिपॉझिट २,०००, साफसफाईचे ३०० वेगळे. रात्री १० नंतर माइक बंद. पार्किंगचं मात्र बघा, मागच्या वेळी माझीच गाडी अडकली होती.

काका: निम्म्यांना पोरं सोडून जातील. उरलेल्यांना गुडघे गाडी चालवू देत नाहीत.

सी-२०१: आज नर्मदेचं पाणी येणार आहे का? आमची टाकी ठणठणीत कोरडी आहे.

सेक्रेटरी: उद्या पहाटे. एक दिवसाआड येते हे माहीत आहे ना भिया? विषय हॉलचा चाललाय.

काका: अरे, विचारू दे त्याला. नर्मदा इंदूरला आली तीच मुळी १९७८ ला. जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून वर चढवून आणलेलं पाणी. त्याआधी उन्हाळ्यात मी आणि बाळ्या सायकलला दोन डबे बांधून पाणी आणायचो. डबे त्याच्या घरचे, सायकल माझी, ढकलायचा तोच. मी हँडल धरून मोठ्या रुबाबात चालायचो.

डी-४०३: काका, ७९ ची हायर सेकंडरी म्हणजे बारावी का?

काका: अकरावी. आपल्या मध्य प्रदेशात तेव्हा अकरावीलाच हायर सेकंडरी असायची. एक वर्ष वाचलं म्हणायचं. कुठे खर्च झालं विचारू नकोस.

डी-४०३: पण सोसायटीच्या हॉलमध्ये का? बाबांच्या बॅचने महू रोडला रिसॉर्ट घेतलं होतं. ड्रोन, टी-शर्ट, सगळं एकदम जम के.

काका: आमचंही ठरलं होतं. माणशी ३,५०० रुपये. ग्रुपवर यादी फिरायला लागली, ज्याने पैसे भरले त्याच्या नावापुढे हिरवी खूण. तिसऱ्या दिवशी बाळ्याने लिहिलं, "तब्येत बरी नाही, माझं धरू नका." आमच्यातला एक दुबईवाला लगेच म्हणाला, "बाळ्याचे मी भरतो." सगळ्यांसमोर. वर अंगठ्यांचा पाऊस. रात्री बाळ्या ग्रुपमधून बाहेर पडला.

ए-३०१ अक्का: अरे देवा.

सी-२०१: पण दुबईवाल्याचा हेतू वाईट नसेल.

काका: मुळीच नाही. चांगला आहे तो. तेव्हाही चांगलाच होता. सगळ्यांना चिंचा वाटायचा, फक्त वाटताना मोजायचा.

बी-१०४: कोण हो हे बाळ्या? तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

काका: सांगतो. लांबेल, कंटाळा आला तर म्यूट करा.

बाळ्याचे वडील मिलमध्ये होते. तेव्हा हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, सगळ्या मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे चित्ररथ, अनंत चतुर्दशीला रात्रभर निघायच्या. बाळ्याचे वडील महिनाभर आधीपासून झांकीच्या बल्बांच्या वायरी जोडत बसायचे. त्यामुळे आमचा रुबाब असा की कोणत्या राक्षसाचे डोळे लुकलुकणार हे आम्हाला आधी माहीत. फुटपाथवर पोतं टाकून बसायचो, झोप आली तर एकाने जागायचं. जागायचा तोच, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

नववीत असताना सप्टेंबरात शाळेची सहल पाताळपाणीला निघाली. छोट्या लाइनची गाडी, महूवरून पुढे. वर्गणी चार रुपये. सरांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत जमा करा. शुक्रवारी बाळ्या म्हणाला, माझ्या पोटात दुखतंय. आम्ही गेलो. पावसाळ्यातला धबधबा, तुम्ही पाहिलाच असेल. परत आलो आणि मी त्याला तीन दिवस त्या धबधब्याचं वर्णन ऐकवलं. किती उंच, आवाज कसा, तुषार कुठपर्यंत येतात. तो ऐकत होता. प्रश्नसुद्धा विचारत होता.

मला चार रुपयांचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली. तोवर मी भिलाईला नोकरीत होतो.

बी-१०४: आणि ते?

काका: हायर सेकंडरीनंतर मिलमध्येच चिकटला, बदली कामगार म्हणून. त्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा पडणार होती, आठवतंय का कुणाला? ती बघायला आम्ही गच्चीवर झोपायचं ठरवलं, पावसाने जिन्यात बसवलं. ती ऑस्ट्रेलियाकडे जाऊन पडली. आमची ती शेवटची निवांत रात्र. त्याची हुकुमचंद मिल बंद पडली १९९१ च्या डिसेंबरात. कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा चेक निघाला तो २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं! बाळ्याचे वडील तोवर राहिले नव्हते. बाळ्याने शेवेची भट्टी टाकली, ती मात्र अजून चालू आहे.

ए-३०१ अक्का: तुमचा ग्रुप तरी आहे. मी ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातल्या कन्या शाळेची. आमचा ग्रुप होतच नाही. कुणाचंच माहेरचं आडनाव उरलं नाही, काहींची तर सासरी नावंसुद्धा बदलली. फेसबुकवर शोधायचं तरी कुणाला? वर्गात ३८ जणी होतो, सापडल्या नऊ. त्यातली एक मला भाजीबाजारात, इथे इंदूरला, तिच्या शिंकेवरून सापडली.

डी-४०३: शिंकेवरून 😂

अक्का: हसू नकोस. तीन शिंका आणि शेवटी "आई गं". १९८१ पासून तीच आहे. पण काका, एक बोलू का? राग मानू नका.

काका: बोला अक्का.

अक्का: तुम्ही त्यांना गरीब ठरवून मोकळे झालात. दुबईवाल्याने पैसे काढले, तुम्ही हॉल काढताय. त्यांना विचारलंत का, का बाहेर पडलात म्हणून? पोटात खरंच दुखत असेल तर?

सेक्रेटरी: मुद्दा बरोबर आहे.

काका: ...

सी-२०१: काका टायपिंग दाखवतंय दहा मिनिटं.

काका: विचारलं नाही. त्याचा नंबर आहे माझ्याकडे, दिवाळीला मेसेज करतो. फोन केलेला नाही. काय विचारायचं ते ठरत नव्हतं. उद्या करतो. पहाटे चारला भट्टी लागते त्याची, पाचला मोकळा सापडेल.

सेक्रेटरी: मग हॉल धरू की थांबू?

काका: धरा. २,३०० टाकतो सोसायटीच्या खात्यात.

(दुसऱ्या दिवशी, पहाटे ५:५०)

काका: शुभ सकाळ. जागं कुणी आहे का? झाला फोन. अर्धा तास बोलला, मधूनमधून झारा कढईवर आपटल्याचा आवाज.

अक्का: सांगा लवकर.

काका: आधी म्हणाला, "ग्रुपवर सकाळी साठ गुलाब येतात, फोन भरतो, म्हणून निघालो." मग म्हणाला, शनिवार रात्रीचा शेवेचा घाणा सोडून रिसॉर्टला कसा येऊ, रविवारी सकाळी गिऱ्हाईक पोह्यांवर शेव मागतं तेव्हा काय देऊ? दुबईवाल्याचं विचारलं तर म्हणाला, "त्याला सांग, चिंचांचे धरून हिशोब करू."

मग मी धीर करून पाताळपाणीचं काढलं. तर हसायलाच लागला. "पोट खरंच दुखत होतं रे. आदल्या दिवशी आपण कवठं कुणाच्या आवारातली खाल्ली, आठव." मला कवठं आठवतात. पण तेव्हाही तो अगदी असाच हसत म्हणाला होता, त्यामुळे अक्का, मला अजून ठरवता येत नाही.

अक्का: मग नका ठरवू.

काका: अजून एक. मागच्या मे महिन्यात नातवाला स्कूटरवर घेऊन पाताळपाणीला गेला होता. पहिल्यांदाच. मी विचारलं, कसा वाटला धबधबा? म्हणाला, "पाणीच नव्हतं, नुसता कडा. तू सांगितला होतास तो मोठा होता."

डी-४०३: 🙏

सेक्रेटरी: येताहेत ना मग शनिवारी?

काका: साडेपाच ते साडेसात, त्यानंतर भट्टी. शेव तोच आणणार, पोह्यांवरचा मसाला, जिरावण, मी आणायचं. माइक नको, त्याला बोलायला कधीच लागला नाही.

सी-२०१: नळ आला!! मोटर लावा मंडळी.