पुरलेली मगर आणि ‘गिळणारी माता’

निरंजना: वाळूच्या खेळातून (‘सँडप्ले’) मुलांवर उपचार करणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगला मानणाऱ्या एका थेरपिस्टबाईंची पोस्ट वाचली. सहा वर्षांच्या मुलाने वाळूच्या ट्रेमध्ये मगर पुरली, वर पूल ठेवला. म्हणजे म्हणे त्याने ‘गिळणाऱ्या माते’च्या आदिबंधावर, मुलाला गिळून टाकणाऱ्या आईच्या आदिम प्रतिमेवर, मात केली. सोबत ट्रेचा फोटो. अहो, समोर वाळू, हातात मगर, दुसरं काय करणार पोर? फळीवर साप, राक्षस, चेटकिणी तुम्हीच मांडायच्या आणि मुलाने उचलल्या की सामूहिक अबोध, म्हणजे साऱ्या माणसांचं सामायिक नेणतं मन, सापडलं म्हणून नाचायचं! बरं, ही पद्धत घडवणाऱ्या ज्या डोरा काल्फबाईंचं नाव घेता, त्यांचा भर ‘मोकळ्या आणि सुरक्षित जागे’वर होता. खेळ चालू असताना अर्थ सांगू नका, हेच त्यांचं म्हणणं.

वाळूघर: मुलाला सांगू नका, असं म्हणणं. थेरपिस्टने डोकं बाजूला ठेवावं असं नव्हे. काल्फबाई एकामागून एक ट्रेंची मालिका बघत, युंगचे शिष्य एरिख नॉयमान यांनी सांगितलेल्या मुलाच्या वाढीच्या टप्प्यांच्या आधारे: आधी झाडं-प्राणी, मग लढाया, मग माणसांच्या जगाशी जुळवून घेणं. एका ट्रेवरून कुणी शहाणा बोलत नाही.

टोचन: बाई एकाच ट्रेवरून बोलल्यात, तेव्हा त्यांचं काय ते तुम्हीच ठरवा. मगर पुरली तर मात, बाहेर काढली तर सामना, हात नाही लावला तर दमन. चूक ठरायची सोयच नाही!

चिमणीची_आई: माझ्या मुलीने सगळ्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या. तिच्या थेरपिस्टने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ही तुमची सावली, म्हणजे मनाची नाकारलेली बाजू आहे, घरात तुम्ही तिच्याकडे पाठ फिरवता.’ मी रात्रभर रडले. सकाळी तिलाच विचारलं. ‘अगं, त्यांच्यावर राज्य आहे, त्या आकडे मोजतायत!’

वाळूघर: ताई, ते चुकलंच त्यांचं. पण युंगचं नाव खराब करू नका.

चिमणीची_आई: का नको? मुलांच्या दुखण्याचं मूळ आईबापांच्या अबोधात शोधायची खोड युंगचीच ना?

वाळूघर: युंगपंथी बालविश्लेषक मायकेल फोर्डहॅम वाचा. लहान मुलालाही स्वतःचा ‘स्व’ असतो, हे त्यांनी युंगच्याच परंपरेत राहून मांडलं.

चिमणीची_आई: हो, रात्री दोन वाजता फोर्डहॅमच वाचायचे राहिले होते.

कायदेपंडित: मगर राहू द्या. फोटो टाकायला मुलाला विचारलं होतं का?

वाळूघर: मूल गेल्यावर, ट्रे मोडण्याआधी नोंदीसाठी फोटो काढतात. जुनी पद्धत आहे. चेहराही दिसत नाहीये.

कायदेपंडित: नोंदीसाठी! फाइलमध्ये! हजारो लोकांपुढे नाही. वय, खेळ, आईशी संबंध, सगळं लिहिलंय. ओळखीच्याला चेहरा लागतो कशाला?

टोचन: सुरक्षित जागा, फक्त छप्पर नाही.

वाळूघर: पालकांची लेखी संमती असणारच. न वाचता आरोप करायची हौस दांडगी आहे इथे.

निरंजना: पोस्ट मीच वाचून इथे आणलीये, साहेब. संमतीचा ‘स’ नाही त्यात. आणि असली तरी, सोळाव्या वर्षी त्या मुलाने ‘गिळणारी माता’ वाचलं तर सही कुणाची दाखवणार?

वाळूघर: बरं, फोटो नको होता. झालं समाधान? मात्र मालिका बघितल्याशिवाय तुमचं ‘दुसरं काय करणार पोर’ हेसुद्धा अर्थ लावणंच आहे.

निरंजना: आहे ना. फरक इतकाच, माझ्या अर्थापायी कुणाची आई रात्रभर रडत नाही.

कायदेपंडित: फोटो अजून तिथेच आहे. तक्रार केलीये.