सिव्हिल हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला देऊन टाकायचं?

घाटमाथा
काल इथे एकाने लिहिलं, "जिल्हा रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे गेली की जिल्ह्याचं भलंच होतं, विरोधकांना प्रगती बघवत नाही." राहवलं नाही म्हणून लिहितेय. पाटी बदलते, इमारत तीच. शंभर जागांच्या कॉलेजला ४२० खाटा लागतात, मग दोन कॉटच्या मध्ये तिसरी घुसवतात. सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, ग्रामीण रुग्णालयांची देखरेख उरते, हाताशी स्वतःचं हॉस्पिटल नाही. माझ्या काकांना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल सर्जन आणि कॉलेज, दोन्ही ऑफिसांत फिरवलं. उत्तर एकच, "ते आमच्याकडे येत नाही."

रात्रपाळी
दाखल्यापायी कॉलेज नको? आमच्याकडे आधी डोक्याला मार लागला की सरळ रेफर, माणूस वाटेतच जायचा. आता रात्री दोनला सर्जन आणि भूलतज्ज्ञ असतात. माझा भाऊ त्यामुळेच वाचला. नंदुरबार, गडचिरोलीला एरवी कोण स्पेशालिस्ट गेला असता?

जुना फार्मासिस्ट
खाती एक करा नाहीतर दोन ठेवा, औषधं कुठायत? २०१७ ला आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण, दोन्ही खात्यांची खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली. एकत्र घेतलं की स्वस्त पडेल म्हणे! मागणी पाठवून आम्ही वाट बघत बसायचो. सलाईन आहे तर सेट नाही, सेट आला तर अँटिबायोटिक संपलेलं. खिडकीवर नातेवाइकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणावं लागलं.

रात्रपाळी
आणि हाफकिनच्या आधी? स्थानिक खरेदीत कोण मलिदा खायचं तेही लिहा.

जुना फार्मासिस्ट
माझ्यावर आरोप करताय का? तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय, एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. शब्द मागे घ्या.

गोदाकाठ
खरेदीवरून काय भांडताय! ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडला २४ तासांत २४ जण गेले, त्यात तान्ही बाळं होती. ते कॉलेजचंच हॉस्पिटल ना? शेजारचे जिल्हे, वर तेलंगणातले पेशंट, सगळा भार तिथेच. दोन महिने आधी ठाण्याजवळ कळव्याच्या महापालिका रुग्णालयात १८ गेले, तेव्हा ठाण्याचं सिव्हिल बांधकामासाठी हलवलेलं होतं.

रात्रपाळी
फार्मासिस्टकाका, तुम्हाला उद्देशून नव्हतं. शब्द मागे.

घाटमाथा
रात्रीच्या सर्जनचं मान्य, नाइलाजाने. पण कॉलेजने स्वतःचं हॉस्पिटल बांधावं, सिव्हिल गिळू नये.

रात्रपाळी
बांधून होईपर्यंत आमच्या पेशंटनी कुठे जायचं?

घाटमाथा
तोवर वापरा. पण नर्सची पदं आधी भरा, आणि बांधून झालं की सिव्हिल आरोग्य खात्याला परत द्यायचं, हे हस्तांतराच्या आदेशातच तारखेसकट लिहा.