मदत हवी आहे : बीएसाठी लांब जायचंय, हातचं कॉलेज कोणतं धरू?

शहादेकर_१२वी :
राज्य मंडळ, बारावी कला. विषय इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, मराठी, इंग्रजी. अकरावीला ७६ टक्के. ओढा इतिहासाकडे आणि मराठी साहित्याकडे. घरचे बाहेर पाठवायला तयार आहेत, पण "एक तरी पक्कं दाखव" म्हणतात. यादीत दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ आणि बनारस हिंदू विद्यापीठ. बनारस हातचं म्हणून ठेवलंय. चालेल का? मी ओबीसी, मुलगी, वसतिगृह लागेलच. कागदपत्रं कोणती आधी काढू?

तापीकाठ :
ताई, बनारस हातचं नाही. तिन्हीकडे प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच होतो. त्या आठवड्यात ताप आला किंवा पेपर अवघड गेला, तर तिन्ही एकदम जातील. यादीत नावं तीन आहेत, पण पर्याय एकच आहे.

हातच्या कॉलेजचं दार वेगळं हवं. बारावीच्या गुणांवर बीएला घेणारी पुण्यातली दोन-तीन कॉलेजं धरा. गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गाची शेवटची यादी जिथं थांबली, त्याहून तुमचे गुण ८-१० टक्क्यांनी वर असले तरच त्याला पक्कं म्हणा. गुण धरताना अकरावीचे नकोत, सराव परीक्षेचे धरा. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा स्वतःची असते आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे शुल्कात सवलत मिळते. तिथं अर्ज जरूर करा, पण परीक्षा आणि मुलाखत असल्यामुळे तेही पक्क्यात मोडत नाही.

आणखी एक कसोटी आहे. तिथं तीन वर्षं आनंदानं राहाल का? नुसतं मिळतंय म्हणून लिहिलेलं नाव ऐन जुलैत नकोसं होतं, आणि मग हातात काहीच राहत नाही.

अनेर_वाचक :
सीयूईटीबद्दल लिहितो, कारण आपल्याकडची मुलं इथंच फसतात. प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न, सगळे सोडवायचे. बरोबरला ५ गुण, चुकलेल्याला उणे १. जास्तीत जास्त ५ विषय घेता येतात. पेपर मराठीतूनही देता येतो. तुम्ही इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल घ्या. दिल्लीत इतिहासासाठी एक भाषा आणि तीन विषय अशी जोडणी चालते. तिथं बारावीला असलेलेच विषय धरतात, म्हणून सोपा वाटला म्हणून भलताच विषय भरू नका.

खरी अडचण अभ्यासक्रमाची आहे. आपल्या मंडळाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतं आणि वसाहतवाद, शीतयुद्ध असं पुढं जातं. सीयूईटीचा इतिहास एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) बारावीच्या पुस्तकांवर आहे : हडप्पा, महाभारतकालीन समाज, परदेशी प्रवाशांची वर्णनं, भक्ती-सूफी, विजयनगर, मुघलकालीन शेती, १८५७, संविधान सभा. बोर्डात ९० पडले तरी यातलं निम्मं वाचलेलंच नसतं. एनसीईआरटीचे तीन भाग दिवाळीपासून जानेवारीपर्यंत एकदा संपवा. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दुसरं वाचन, आणि रोज घड्याळ लावून ५० प्रश्न.

सेतू_चौकशी :
आता कागद. ओबीसीचा राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. सेतूत अर्ज देताना "केंद्र सरकारचा नमुना" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचाच निघतो. त्याआधी जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथं असतेच असं नाही.

दुसरा घोळ नावाचा. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा नाव आधी. सीयूईटीचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा. आधारवर अक्षराचा फरक असेल तर दुरुस्ती अर्ज निघण्याआधीच करून घ्या.

राज्याबाहेर जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्रही लागेल. नंदुरबार, धुळे, जळगाव नाशिक विभागीय मंडळात येतात, तिथूनच ते मिळतं.

शहादेकर_१२वी :
पुण्याला प्रवेश घेतला आणि नंतर दिल्ली लागलं तर? पैसे बुडतील का?

तापीकाठ :
हे आधीच ठरवून ठेवा, कारण तारखा जुळत नाहीत. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला, सीयूईटीचा ४ जुलैला. दिल्लीच्या जागावाटपाची वाट बघत बसलात तर पुण्याच्या याद्या संपलेल्या असतील. म्हणून पुण्याचं शुल्क भरून जागा धराच. शुल्क परतीचे नियम यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) ठरवते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यायचं होतं. मूळ कागद कॉलेजनं अडवून ठेवू नयेत असाही नियम आहे. तरी शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो, तेव्हा देण्याआधी पाच साक्षांकित प्रती काढा आणि पोच घ्या.

दिल्लीत जागा मिळाली की मुदतीत स्वीकारावीच लागते, नाहीतर नाव बाहेर. "अपग्रेड" दाबलं आणि वरची पसंती मिळाली तर आधीची जागा आपोआप जाते. म्हणून पसंतीक्रम लांब भरा, पण खरोखर हव्या त्याच क्रमानं. दिल्लीतल्या बऱ्याच कॉलेजांना वसतिगृहच नाही. प्रत्येक नावापुढं "वसतिगृह आहे / नाही" लिहून काढा.

अनेर_वाचक :
आणि पुण्याखालीही एक नाव ठेवा : अमळनेरचं प्रताप महाविद्यालय किंवा जळगावचं मू. जे. इतिहासाच्या मुलीला खान्देश कमी नाही. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुनी कागदपत्रं तिथं हाताशी मिळतात. बनारसचं नाव मात्र काढू नका, फक्त वर सरकवा. भुसावळहून महानगरी एक्सप्रेस थेट जाते, आणि दिल्ली-बंगळुरू दोन्हींसाठी कर्नाटक एक्सप्रेस आहे. हैदराबादला जाताना गाडी बदलावी लागू शकते. घरच्यांना ते आताच सांगून ठेवा.