जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर मोबाइलमधील गाणी वाजवता येतील का?

प्रश्न : माळ्यावरचा रेडिओ
आमच्या घरी माळ्यावर कित्येक वर्षे बंद पडून असलेला, लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे. आतले सगळे काढून रिकाम्या पेटीत तयार ब्लूटूथ अॅम्प्लिफायर बसवून द्यायला एक कारागीर तयार आहे. परंतु तसे करायला मन धजत नाही. मूळ व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यातूनच मोबाइलमधील गाणी ऐकता येतील का? मागच्या पुठ्ठ्यावर ग्रामोफोनचे चिन्ह असलेली दोन भोके आहेत, त्यांचा उपयोग होईल का?

उत्तर : जुना तंत्रज्ञ
नक्की होईल. ग्रामोफोनच्या पिकअपचा (तबकडीवर सुई धरणाऱ्या भागाचा) आवाज रेडिओच्या स्पीकरवर ऐकता यावा, म्हणूनच ती भोके दिलेली असत. मात्र वायर जोडण्याआधी व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचा. ‘ईएल ८४’, ‘ईझेड ८०’ असे ‘ई’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टच्या फिलामेंटचे (आतल्या तापणाऱ्या तारेचे) असतात आणि अशा रेडिओत सहसा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे चासी (रेडिओचा धातूचा सांगाडा) मेन्सपासून म्हणजे घरच्या विजेपासून वेगळी राहते. ‘यूएल ८४’, ‘यूवाय ८५’ असे ‘यू’चे व्हॉल्व्ह असतील, तर त्यांची फिलामेंटे एकापाठोपाठ जोडून थेट मेन्सवर चालतात आणि चासी मेन्सच्या एका वायरलाच जोडलेली असते. पिन उलटी लागली की बटणाच्या छोट्या स्क्रूलासुद्धा करंट येतो. असा रेडिओ असेल, तर कोणतीही वायर बाहेर काढू नका आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेन्सशी थेट जोड न ठेवता वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) तो उघडू नका.

उत्तर : कंडेन्सरवाला
इतकी वर्षे बंद असलेला रेडिओ थेट प्लगला लावू नये. ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब असलेल्या सिरीज बोर्डवर, म्हणजे बल्बमधून गेलेला प्रवाहच पुढे मिळतो अशा बोर्डवर, तो लावावा (एलईडी बल्ब इथे चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. त्याहीआधी आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीला, जाणारा कागदी कंडेन्सर (कपॅसिटर) बदला. तो गळका झाला की ग्रिडवर धन विद्युतदाब येतो, व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो मिळवणे अवघड असते, कंडेन्सर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात. १० किलोओहमच्या ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा आणि मीटरने खात्री करूनच हात घाला.

प्रश्नकर्ता
टॉर्चच्या उजेडात वाचले : ‘ईसीएच ८१’, ‘ईबीएफ ८९’, ‘ईएल ८४’, ‘ईझेड ८०’, ट्रान्सफॉर्मरही दिसतो आहे. कंडेन्सर बदलल्यावर जोडणी कशी करावी?

उत्तर : जुना तंत्रज्ञ
ब्लूटूथ मॉड्यूलच्या डाव्या आणि उजव्या वाहिनीला प्रत्येकी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून दोन्ही टोके एकत्र करा, कारण रेडिओला एकच वाहिनी आहे आणि रेझिस्टरशिवाय जोडल्यास दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. तिथून आखूड शिल्डेड (भोवती धातूच्या जाळीचे आवरण असलेल्या) वायरने पिकअपच्या भोकात जा. शिल्ड चासीच्या बाजूला असू द्या. मॉड्यूलला ५ व्होल्टचा वेगळा, चांगल्या प्रतीचा चार्जर द्या, हलक्या चार्जरने गुरगुर येते. बँडचे बटण ग्रामोफोनच्या खुणेवर फिरवले की गाणी सुरू, मीडियम वेव्हवर आणले की आकाशवाणी, आणि पेटीला एकही नवे भोक पाडावे लागत नाही.