हायस्कूलच्या ग्रंथालयात ऑनलाइन साहित्यसंग्रह नेमका वापरावा कसा?

प्रश्न – मराठी शिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि ग्रंथालयही माझ्याकडेच आहे, कारण स्वतंत्र ग्रंथपालाचे पद आमच्याकडे नाही. कपाटांतली बरीच पुस्तके बाइंडिंग सुटलेली आहेत आणि नवी घ्यायची तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागते. म्हणून नववीच्या मुलांना लायब्ररीच्या तासाला राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उघडून दिले आणि केशवसुतांविषयी शोधायला सांगितले. समोर आले ते प्रबंध, शोधनिबंध आणि भलत्याच संकेतस्थळांचे दुवे. त्यांतले काही उघडले, काहींनी पैसे मागितले. कविता वाचायची राहिली आणि घंटा झाली. संगणक एकच आहे आणि पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो. अशा परिस्थितीत तासाची आखणी कशी करावी? मिळालेला मजकूर छापून मुलांना दिलेला चालतो का?

उत्तर १ – ग्रंथपाल, बेळगाव

बाई, आपण वापरले ते मुख्यतः सूची आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले आणि 2018 मध्ये देशाला अर्पण झालेले हे व्यासपीठ ठिकठिकाणच्या संग्रहांतील नोंदी एकत्र दाखवते. मूळ पुस्तक बहुधा दुसऱ्याच जागी असते आणि ते उघडेल की नाही, हे त्या जागेवर अवलंबून असते. भाषा आणि इयत्तेचा स्तर निवडण्याची सोय तेथे आहे, ती आधी लावावी. पण नववीच्या मुलाला थेट कविता हवी असेल तर मराठी विकिस्रोत हे मुक्त ऑनलाइन ग्रंथालय अधिक सोयीचे. तेथे छापील पानाचे चित्र आणि टंकलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतो आणि पानाच्या रंगावरून तपासणी कळते: पिवळे म्हणजे एकदा वाचून दुरुस्त केलेले, हिरवे म्हणजे दुसऱ्यानेही पडताळलेले. पुस्तक उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते, त्यामुळे वर्गात नेट नसले तरी अडत नाही. लेखकाची ओळख हवी असेल तर विश्वकोशातील नोंद पुरते. तोही नेटवर मोफत आहे.

मुले अडखळतात ती मात्र शुद्धलेखनापाशी, आणि याचा विचार फारसे कोणी करत नाही. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘जेव्हां’ असेच छापलेले आहे. मुलगी आजच्या पद्धतीने ‘घरात’ टंकते आणि शब्द समोरच्या पानावर असूनही यंत्र ‘सापडले नाही’ म्हणते. शिवाय इंटरनेट आर्काइव्हवरील कितीतरी जुन्या मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहून नोंदवलेली आहेत. तेथे देवनागरीत शोधून पुस्तक हाती लागेलच असे नाही. यासाठी ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत मागची काही पाने राखून ठेवावीत आणि प्रत्येक उपयुक्त पुस्तकासमोर दुवा, शोधताना चाललेले नाव आणि पानाची तपासणी झाली आहे की नाही, एवढे लिहावे. पुढच्या वर्षी आपली बदली झाली तरी ही पाने शाळेतच राहतील.

उत्तर २ – सहायक शिक्षक, निपाणी

छपाईबद्दल लिहितो. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क असतो. ही वर्षे निधनाच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. केशवसुत 1905 मध्ये, बालकवी 1918 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता खुशाल छापाव्यात. साने गुरुजींचे निधन 1950 चे असल्याने त्यांचे लेखन 2011 पासून मुक्त आहे. बहिणाबाईंचा हिशोब थोडा वेगळा पडतो, कारण त्यांच्या कवितांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये निघाले आणि तेथे 60 वर्षे प्रकाशनापासून धरतात. तीही 2012 अखेर संपली आहेत.

आपल्या मुलांना ज्या अगदी जवळच्या वाटाव्यात, त्या इंदिरा संतांच्या बाबतीत मात्र हे चालत नाही. त्यांचे आयुष्य बेळगावात गेले, पण निधन 2000 सालचे आहे आणि त्यांचे लेखन 2060 संपेपर्यंत संरक्षित आहे. शिकवण्याच्या ओघात एखादी कविता वर्गासाठी काढून देण्याची मुभा कायद्यात आहे. अख्ख्या संग्रहाची कोणी तरी टाकलेली पीडीएफ शाळेच्या संगणकावर ठेवणे त्या मुभेत बसत नाही. अशा कवींची पुस्तके विकतच घ्यावीत, आणि फुकटात मिळणाऱ्या जुन्या साहित्यामुळे वाचलेले पैसे तिकडे वळवावेत, असे मला वाटते.

उत्तर ३ – निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

वरील दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, तरी सर्व काही शिक्षकानेच निवडून हातात देण्याला माझी हरकत आहे. मुलांनी स्वतः शोधून थोडे चुकायला हवे, फक्त शोधाचे क्षेत्र लहान असावे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश दोन्ही मोफत आहेत. धड्यातील एक जुना शब्द द्यावा, दोन्ही कोशांत पाहायला सांगावे आणि अर्थांतला फरक वहीत लिहून घ्यावा. पाच-सहा जणांच्या गटाला यासाठी दहा मिनिटे पुरतात आणि बाकीची मुले तेवढा वेळ कपाटातली पुस्तके वाचू शकतात. कन्नडच्या शिक्षकांनाही सोबत घ्यावे. शरणांची, म्हणजे कन्नड शिवभक्त संतांची, वचने शब्दावरून शोधण्याचा ‘वचन संचय’ हा संग्रह कन्नडमध्ये आहे आणि त्या तासालाही हीच रीत चालेल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पहिल्या तासाला कोश, दुसऱ्या तासाला पेनड्राइव्हवरील बालकवी, असे ठरवले आहे. निपाणीच्या सरांना एक विचारायचे आहे: जुन्या कवीची कविता मुक्त असली, तरी अलीकडच्या आवृत्तीत संपादकाने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा छापता येतील का?

सहायक शिक्षक, निपाणी

नाही. प्रस्तावना आणि टिपांवर संपादकाचा स्वतंत्र हक्क असतो. फक्त कविता घ्यावी आणि टिपा आपल्या आपण लिहाव्यात.