जंगलात नोकरी करायचीय : एमपीएससी की एमएस्सी?

मैना_सांगली :
यंदा प्राणिशास्त्रात बीएस्सी होईल. व्याघ्र प्रकल्पात काम करायचं डोक्यात पक्कं आहे. घरचे म्हणतात, एमपीएससी देऊन वनक्षेत्रपाल हो. आमचे सर म्हणतात, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत एमएस्सी कर. प्रत्यक्ष या कामात असलेलं कुणी आहे का इथे? रोज नेमकं काय करावं लागतं?

धारणीकर :
मेळघाटात आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपालच आहे. लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगंतुगं करतो.

आधी वाघ डोक्यातून काढ. आमचा उन्हाळा मोहाच्या झाडाखाली जातो. मार्चमध्ये फुलं गळायला लागतात, वेचताना ती पालापाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला की झाला वणवा. १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करून ठेवतोच, पण खरं काम गावात ओट्यावर बसून होतं. "पेटवू नका, झाडून घ्या" हे इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत सांगणारा गार्ड माझ्या लेखी पाला उडवणाऱ्या दहा ब्लोअर यंत्रांच्या बरोबरीचा.

दुसरं म्हणजे पंचनामे. वाघाने गाय मारली तर मालकाने ४८ तासांत कळवायचं, जनावर जागचं हलवायचं नाही. आपण जाऊन मानेवरचे सुळ्यांचे व्रण बघायचे, ओढत नेल्याची खूण बघायची, फोटो काढायचे. यात ढिलाई झाली, भरपाई रखडली, की चिडलेला माणूस मढ्यावर विष टाकतो. वाघ उरलेलं खायला परत येतोच. त्यामुळे वाघ वाचवण्याचं निम्मं काम टेबलावरच्या फायली वेळेत पुढे सरकवण्याचं असतं. हे कुठल्याच सफारीत दिसत नाही.

पाऊलखूण :
मी दुसऱ्या बाजूची, संशोधनातली. डेहराडूनखेरीज बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतही वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे. दोन्हीकडे जागा मोजक्याच. नंतर बहुतेकदा प्रकल्पावरची नोकरी. प्रकल्प संपला की नवा शोधा. पेन्शनबिन्शन विसरायचं.

काम मात्र सुंदर. वाघ ओळखायचा पट्ट्यांवरून, पण डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतो, नाहीतर एकाच वाघाचे दोन वाघ मोजले जायचे. पण कॅमेरा लावायची परवानगी धारणीकरांच्या खात्याकडूनच घ्यावी लागते! माझं मत विचारशील तर, प्रश्नांच्या मागे लागायचं असेल तर एमएस्सी. निर्णय घ्यायचे असतील तर वर्दी.

मैना_सांगली :
धन्यवाद दोघांनाही. काका, मुलींना फील्ड पोस्टिंग खरंच देतात का? आईचा पहिला प्रश्न तोच आहे.

धारणीकर :
माझ्या रेंजमध्ये (वनक्षेत्रात) बीटवर, म्हणजे गार्डच्या हद्दीत, मुली आहेत, रात्रीची गस्तही करतात. आईला खोटं सांगू नकोस : क्वार्टर गावापासून लांब असतं, मोबाईलला नेटवर्क नसतं, पावसाळ्यात नाले चढले की रस्ता बंद.

तुझी पदवी यूपीएससीच्या भारतीय वनसेवेलाही चालते, तोही फॉर्म भर. तिथल्या चाचणीत मुलींना ४ तासांत १४ किलोमीटर चालावं लागतं, सराव आत्तापासून सुरू कर.

आणि बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणावरून प्राणी बघायचा कार्यक्रम असतो, त्याला नाव नोंदव. वाघ दिसेलच असं नाही, डास नक्की चावतील. सोबत वनखात्याचा माणूस असेल तर त्याला रात्रभर बोलतं कर, आमच्यापेक्षा जास्त तोच सांगेल.