बाल्डर्स गेट १ आणि २ च्या मधे ड्रॅगनस्पियर खेळायचं का सोडायचं?

निशाचर_सातारकर:
मंडळी एक सल्ला हवाय. बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम दोनदा संपवला, तिसऱ्यांदा सुरू करून अर्ध्यात सोडला. त्यात जहीरा आणि मिन्स्क ही जुन्या भागांतली पात्रं आल्यावर जुनी लोकं एवढी हळवी का होतात ते काही कळेना, म्हणून म्हटलं मुळापासूनच बघू. सेलमधे पहिल्या भागाची एन्हान्स्ड एडिशन (सुधारलेली आवृत्ती) घेतली तर खाली अजून एक दिसलं, सीज ऑफ ड्रॅगनस्पियर, ते पण कार्टमधे टाकलंय पण पैसे भरले नाहीत अजून. गेम १९९८ चा आणि एक्स्पान्शन (जोडभाग) २०१६ चं, हे काय झेंगट आहे? मूळ लोकांनीच काढलंय का नंतर कुणीतरी शेपूट लावलंय? रिव्ह्यू वाचावेत तर निम्मे शिव्या घालतायत आणि निम्मे डोक्यावर घेऊन नाचतायत. मुलगी दीड वर्षाची आहे, रात्री ती झोपली की दहा ते बारा एवढाच काय तो वेळ, त्यामुळे सरळ सांगा, १ मग ड्रॅगनस्पियर मग २ असं जाऊ का मधलं सोडू. स्पॉयलर नको प्लीज.

पाचवी_सीडी:
शेपूट नाही हो, मधल्या फटीत ठोकलेली पाचर म्हणा. पहिला भाग संपतो तिथे तुम्ही बाल्डर्स गेट शहराचे हिरो असता आणि दुसरा सुरू होतो तेव्हा थेट कुणाच्या तरी पिंजऱ्यात. मधे काय झालं? २००० साली दुसरा भाग आला तेव्हा कुणी धड सांगितलंच नाही, आम्ही पण विचारलं नाही. ड्रॅगनस्पियर तेवढी फट भरतं.

मूळ गेम बायोवेअरचा, ब्लॅक आयल आणि इंटरप्लेने काढलेला. १९९९ ला त्याचं एक्स्पान्शन टेल्स ऑफ द स्वॉर्ड कोस्ट, २००० ला दुसरा भाग, २००१ ला त्याचं एक्स्पान्शन थ्रोन ऑफ भाल, आणि मग या मालिकेत सामसूम. नंतर बीमडॉग नावाच्या कॅनडातल्या कंपनीने २०१२ ला एन्हान्स्ड एडिशन काढली. त्यांचा ट्रेंट ऑस्टर हा बायोवेअरच्या संस्थापकांपैकीच एक, म्हणजे अगदीच परका माणूस नाही. आणि ३१ मार्च २०१६ ला हे एक्स्पान्शन. पंधरा वर्षांनी त्याच इंजिनवर नवीन गोष्ट, नवीन नकाशे, मिन्स्कला आवाज परत जिम कमिंग्जचाच. मी रिलीजच्या दिवशी घेतलं आणि पहिल्यांदा 'बू' ऐकलं तेव्हा खरंच गलबलून आलं राव, बायको म्हणाली काय झालं, आता तिला मिन्स्कच्या बू नावाच्या हॅमस्टरचं काय सांगणार.

अवांतर: मूळ गेम पाच सीड्यांवर होता. आमच्याकडची लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, अस्सल नव्हती हे सांगायला नकोच. नवीन भागात शिरलं की गेम सीडी मागायचा, ड्राइव्ह घरघर करायचा, आणि आमच्या तिसऱ्या सीडीवर चरा, त्यामुळे तिथे आलं की सीडी काढायची, टूथपेस्ट लावून बनियनने पुसायची, परत घालायची. चारातल्या एका वेळी चालायची. आयडी त्यावरूनच घेतलाय, पाचवी तेवढी शेवटपर्यंत धड राहिली.

थॅको_मास्तर:
पाचवी_सीडी यांचं प्रेम समजू शकतो पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी तरी सांगेन की ड्रॅगनस्पियर सोड. कार्टमधे राहू दे, दुसऱ्या फेरीत घे.

कारण सांगतो. गोष्टीची दोन्ही टोकं आधीच बांधलेली, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे लेखकांच्या हातात नाही, त्यामुळे तुम्ही काहीही निवडा, शेवटी गाडी त्याच स्टेशनात. पहिल्या भागात नकाशावर कुठेही भटका, अर्धे एरिया उगाचच आहेत, कुठे एकटं अस्वल, कुठे वेडा म्हातारा, आणि तीच तर मजा. इथे मात्र सैन्याबरोबर एका छावणीतून पुढच्या छावणीत जायचं, मागचं बरंचसं बंद. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे इमोएन. पहिल्या तळघरापुरती बरोबर असते, मग राजवाड्यात जादू शिकायला बसवून ठेवलीय. अरे लहानपणापासूनची बहीण असल्यासारखी ती, तिलाच घरी ठेवून लढाईला?

शिवाय एक्सपीचं, म्हणजे अनुभवाच्या गुणांचं गणित. पहिल्या भागाची मूळ मर्यादा ८९,०००, टेल्स घातलं की १,६१,०००. दुसरा भाग नव्याने सुरू केला तर ८९,००० वरच सुरू होतो. ड्रॅगनस्पियरची मर्यादा ५,००,०००, म्हणजे तिथून कॅरेक्टर आणलं की दुसऱ्या भागातलं पहिलं तळघर म्हणजे पोरखेळ.

जुना_कोड:
+१ इमोएनच्या मुद्द्याला, बाकी असहमत. लोक गोष्टीवर भांडतात पण त्या एक्स्पान्शनबरोबर जो २.० पॅच आला तो विसरतात, आणि तो सगळ्यांना फुकट मिळाला होता. नवीन इंटरफेस, शमन हा नवा क्लास, मारामारी नको असेल त्यांच्यासाठी स्टोरी मोड. दोन तास मिळणाऱ्या बापाला स्टोरी मोड म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आणि जुना गेम परत उभा करणं म्हणजे काय दिव्य असतं ते पण बघा. बीमडॉगला खरं तर चित्रं नव्याने करायची होती, पण मूळ त्रिमिती फाइल्सच कुणाकडे उरल्या नव्हत्या. त्यामुळे जी बॅकग्राउंडं गेममधे होती तीच घेऊन दुसऱ्या भागाच्या इंजिनवर पहिला भाग बसवला. झूम करून बघा, झाडं थोडी धुरकट दिसतात ना, ते त्यामुळे. आइसविंड डेल २ या त्याच काळातल्या गेमची तर आणखी वाईट गत, त्याचा सोर्स कोडच सापडला नाही म्हणून त्याची एन्हान्स्ड एडिशन आलीच नाही. आणि २०१३ च्या जूनमधे करारावरून वाद झाला तेव्हा पहिल्या भागाची एडिशन विक्रीतूनच काढावी लागली होती, ऑगस्टमधे परत आली. मी स्वतः ऑफिसात पंधरा वर्षं जुना प्रोग्रॅम सांभाळतो, लिहिणारे कधीच सोडून गेले, एका फाइलवर नुसतं 'याला हात लावू नये' असं लिहिलंय. त्यामुळे या लोकांना माझा सलाम आहे.

रिव्ह्यू दोन टोकांचे का तर रिलीज झाल्या झाल्या गेममधल्या एका ट्रान्स पात्रावरून आणि मिन्स्कच्या एका टोमण्यावरून इंटरनेटवर राडा झाला होता. तो टोमणा नंतर काढला. बऱ्याच शिव्या त्या वेळच्या आहेत, गेम न खेळता दिलेल्या. खऱ्या चुका वेगळ्या, त्या थॅको_मास्तरांनी सांगितल्याच.

पाचवी_सीडी:
मास्तर, सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली. ड्रॅगनस्पियरमधे जहीरा आणि तिचा नवरा खालिद दोघं बरोबर घेता येतात. अजून थोडे दिवस. बाकी काही बोलत नाही, स्पॉयलर नको म्हणालेत.

थॅको_मास्तर:
हां. हे मात्र खरंय. इथे गप्प बसतो.

निशाचर_सातारकर:
धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री सुरू केला. कॅन्डलकीपमधून, म्हणजे गेम सुरू होतो तिथून, बाहेर पडलो, जे व्हायचं ते झालं, मग रस्त्यावर एक लांडगा आला आणि एका मिनिटात मेलो. लोड केलं, परत मेलो. बाल्डर्स गेट ३ मधे मी ड्रॅगन मारलाय हो! आणि हे थॅको काय आहे, तलवार चांगली घेतली तर आकडा कमी झाला, मी घाबरून परत जुनी लावली.

थॅको_मास्तर:
हाहा, लांडग्याने आम्हा सगळ्यांना खाल्लंय. थॅको म्हणजे वार लागायला फाशावर किती पडायला हवं त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला. तुझा थॅको १५ आणि समोरच्याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) ५ असेल तर पंधरातून पाच वजा, वीसच्या फाशावर १० किंवा वर पडला की वार लागला. आर्मर क्लास पण कमी तेवढा चांगला, उणे २ वाला असेल तर १७ लागतील. उलटं आहे पण दोन दिवसात सवय होते. ती नवीन तलवार परत लाव.

स्पेसबारने पॉज कर, सारखा कर, लाजू नकोस. जादूगार असेल तर स्लीप हा झोपवायचा मंत्र घे, सुरुवातीच्या टोळ्या आडव्या पडतात. आणि फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एकजण उभा असतो, त्याच्याशी बोलण्याआधी सेव्ह. नंतर सांगू नकोस सांगितलं नाही म्हणून.

जुना_कोड:
इमोएन भेटली का? तिची बॅग उघडून बघ, मॅजिक मिसाइलची कांडी आहे त्यात. ती लांडग्यावर वापर.

निशाचर_सातारकर:
तिला मी नको म्हणून पुढे आलो होतो 🤦 चोर लागत नाही म्हटलं. परत कॅन्डलकीपपासून सुरू करतो. ड्रॅगनस्पियर कार्टमधेच आहे, आधी या लांडग्याचं बघतो.